गृहपाठ आणि गारगोटी

गृहपाठ द्यावा की नको, हा वाद निघाला की मला गारगोटी आठवते. जे. पी. नाईकांनी 1952 मध्ये तिथे मौनी विद्यापीठ उभं केलं (नाव पाटगावच्या मौनी महाराजांचं). भुदरगड तालुका म्हणजे भात, नाचणी, गुरं. तिथल्या पोरांना दप्तर टेकवलं की घरचं काम असायचंच!

पुढे हेच नाईक कोठारी आयोगाचे (1964-66) सदस्य-सचिव झाले. हाताने करायचं काम हा शालेय शिक्षणाचाच भाग असावा, असं आयोगाने सांगितलं. त्यातून 'कार्यानुभव' आला. आणि आपण काय केलं? ते काम उचलून परत घरी पाठवलं! आकाशकंदील आईने करायचा, गुण मुलाने घ्यायचे...

माझा आक्षेप नेमका इथे आहे. घरात शिकवणारं कुणी असेल त्याची वही सुंदर, नसेल त्याच्या वाट्याला छडी. म्हणजे परीक्षा मुलाची नाही, घराची.

यशपाल समितीने 1993 मध्ये यावर साधा उपाय सुचवला होता. प्राथमिक वर्गांना गृहपाठ नकोच, दिला तर घराचा आणि परिसराचा शोध घ्यायला लावणारा द्या. 2020 च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर 2 तास.

मला विचाराल तर गारगोटीच्या मुलाला एवढंच सांगावं, घनसाळ भाताचा तरवा कधी टाकतात ते आजीला विचारून ये. आजीला अक्षरओळख नसली तरी हा गृहपाठ तिला येतो. असा गृहपाठ मात्र रोज द्या.

असो. तुम्हाला काय वाटतं?