सिग्नलचा खांब आणि ताटकळलेली प्रक्रिया

कार्यप्रणालीतले एकच साधन दोन प्रक्रियांनी एकाच वेळी ओढू नये, यासाठी नेदरलँड्समधील एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकात ‘सेमाफोर’ मांडला. हे नाव रेल्वेच्या सिग्नलचे. पण आत किती जणांना सोडायचे एवढेच सेमाफोर पाहतो. आधी कोणाला, हा प्रश्न अग्रक्रमाचा. पालघर-बोईसरच्या प्रवाशाला तो समजावून सांगावा लागत नाही. २०१३ साली उपनगरी लोकल डहाणूपर्यंत गेली, तेव्हा विरारपुढे मार्ग दोनच होते. मागून लांब पल्ल्याची गाडी आली की लोकल लूप लाइनवर उभी.

संगणकशास्त्रात याचे टोक म्हणजे ‘स्टार्व्हेशन’, उपासमार. आयआयटी मुंबईच्या धनंजय ढमढेरे यांच्यासारख्यांच्या पाठ्यपुस्तकांतून ते तक्त्यांनी समजते. चित्ररूप सिम्युलेटरमध्ये मात्र खोळंबलेली प्रक्रिया रांगेत डोळ्यांदेखत तिष्ठत राहते. सिम्युलेटर मुक्तस्रोत असेल तर विद्यार्थ्याला नियमच बदलता येतो: ‘एजिंग’ घातले, म्हणजे ताटकळण्याबरोबर अग्रक्रम वाढत गेला, की ती हलते. (लोकलला असे वय चढत नाही!) रेल्वेने २०१६ च्या एमयूटीपी-३ मध्ये दुसरा उपाय मंजूर केला: विरार-डहाणू चौपदरीकरण, सिम्युलेटरच्या भाषेत आणखी प्रोसेसर.