तळटीप : ‘विमानांचा पिक्चर’

पौडच्या पोरांना वेड लावणारा हा पिक्चर म्हणजे शशी कपूर निर्मित, गोविंद निहलानी दिग्दर्शित ‘विजेता’ (१९८२). काही वाचक इथे ‘टॉप गन’ धरून चालतात; पण तो १९८६चा, आणि त्यातले वैमानिक अमेरिकी नौदलाचे. ‘विजेता’ची पटकथा आपल्या दिलीप चित्र्यांची. आईवडिलांच्या कुरबुरींना विटलेला अंगद (कुणाल कपूर) खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल होतो आणि पुढे १९७१च्या युद्धात मिग-२१ उडवतो. विमानं खरी, हवाई दलाची; कॅमेराही निहलानींचाच. गोष्ट मध्येच रेंगाळते, पण आकाशातली दृश्यं आजही खुर्चीला खिळवतात. खडकवासला पौड-मुळशीकरांना डोंगरापलीकडेच, तेव्हा लेखकाचं ‘आपल्याकडचा पिक्चर’ हे म्हणणं अगदीच फुशारकीचं नाही.