सोलापूरची कैफियत

माणसाला जसा लौकिक असतो, तसा तो गावालाही असतो. आणि माणसाचा लौकिक ज्याप्रमाणे बहुधा दुसऱ्यांच्याच तोंडून पसरतो, त्याप्रमाणे गावाचाही. पुण्याचे नाव काढले की विद्या आठवते, कोल्हापूरचे काढले की अंबाबाई आठवते. सोलापूरचे नाव निघाले की मात्र ऊन, धूळ, पाण्याचे दुर्भिक्ष आणि बंद गिरण्या यांपलीकडे फारसे कोणी बोलत नाही. जुन्या राज्यकर्त्यांनी या शहराला दंगेखोर ठरविले, गिरणीमालकांनी संपखोर ठरविले आणि हल्लीची मंडळी त्याला मेलेले शहर म्हणून मोकळी होतात. शहराला स्वतःचे तोंड नसते, म्हणून त्याची कैफियत इतिहासाच्या दप्तरातूनच वाचावी लागते.

सोलापूर हे आयत्या समृद्धीवर वाढलेले शहर नव्हे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे तळे व देवालय, आदिलशाही आणि निजामशाही यांच्यातील कलहास कारण झालेला भुईकोट किल्ला आणि पेशवाईच्या अखेरीस लावणीने महाराष्ट्राला वेड लावणारा राम जोशी, एवढी त्याची जुनी पुंजी. पाऊस बेताचा व बेभरवशाचा. १८६० मध्ये आगगाडी आली आणि व्यापार वाढला. परंतु शहराचे रूप पालटले ते गिरण्यांमुळे. पहिली गिरणी, जिला सोलापूरकर आजही ‘जुनी गिरणी’ म्हणतात, ती १८७७ साली सुरू झाली. दक्षिणेतील भीषण दुष्काळाचे ते वर्ष होते. शेत करपलेला कुणबी कामाच्या शोधात येथे आला. तेलंगणातून पद्मशाली विणकर आपली हातोटी घेऊन आले. कर्नाटकातून कानडी भाषिक आले. मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू या चार भाषा एकाच पेठेत नांदू लागल्या. पोटासाठी आलेल्या लोकांनी आपल्या हातांनी उभारलेले असे हे शहर आहे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील आरोपांची किंमत ठरविता येते.

पहिला आरोप दंगेखोरपणाचा. महात्मा गांधींना १९३० च्या मे महिन्यात अटक झाली आणि सोलापूर खवळले. ८ मे रोजी शिंदीची झाडे तोडण्यावरून जमाव व पोलीस यांच्यात चकमक उडाली. गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. पुढे संतप्त जमावाने पोलिसांचे प्राण घेतले व न्यायालयाची इमारत जाळली. हे घडले, आणि ते झाकण्याचे कारण नाही. परंतु त्यानंतरचे तीन दिवस आरोप करणारे सहसा सांगत नाहीत. सरकारी सत्ता शहरातून जणू नाहीशी झाली असता काँग्रेसच्या स्वयंसेवकांनी रस्त्यांवरील रहदारी सांभाळली व बंदोबस्त राखला. ज्या गावाला केवळ लूट आणि जाळपोळच हवी असते, ते गाव अशा वेळी रहदारी सांभाळीत बसत नाही. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या काळात राष्ट्रध्वज बाळगणे व गांधी टोपी घालणे हेही अपराध ठरले. पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. ही चार नावे एकापुढे एक वाचली, तरी निरनिराळ्या जातिधर्मांचे हे शहर त्या दिवसांत कसे एक झाले होते ते समजते. परक्या सरकारने ज्याला दंगा म्हटले, त्याला स्वतंत्र देशाने हौतात्म्य म्हटले; तरी दंगेखोरीचा शिक्का मात्र पुसण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

दुसरा आरोप संपाचा. सोलापुरात १९२० साली संप झाला, १९३४ साली झाला, हे खरे. परंतु मुंबई व अहमदाबाद येथील मजुरीच्या मानाने सोलापूरची मजुरी कमी असे, हेही तितकेच खरे. ‘कामगारांनी गिरण्या बुडविल्या’ हे वाक्य इतक्या वेळा बोलले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. त्याला सर्वांत ठळक उत्तर जुन्या गिरणीच्या प्रकरणात मिळते. ही गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये बंद पडली व हजारो कुटुंबे उघड्यावर आली. तेव्हा भारत सरकारने जानेवारी १९५० मध्ये खास वटहुकूम काढून गिरणीचा कारभार आपल्या हाती घेतला, व पुढे त्याचा कायदा केला. एका गिरणीसाठी देशाने स्वतंत्र कायदा करावा, ही गोष्ट विरळा. त्या कायद्यात जे कारण नमूद केले आहे, त्यात कामगारांच्या संपाचे नाव नाही. तेथे गैरव्यवस्था व हयगय यांचे नाव आहे. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५३ च्या डिसेंबरात सरकारचा हा ताबा घटनाबाह्य ठरला. मालमत्तेच्या हक्काविषयीच्या अशा निकालांमुळेच १९५५ साली राज्यघटनेत चौथी दुरुस्ती करावी लागली. मोठमोठे वकील सोलापूरच्या गिरणीवरून मालमत्तेच्या हक्काचा काथ्याकूट करीत होते. त्या गिरणीतील साचेवाल्याच्या चुलीचा प्रश्न मात्र कोणत्याच पक्षकाराचा नव्हता.

तिसरा आरोप आजचा. विसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढील काही वर्षांत उरल्यासुरल्या मोठ्या गिरण्याही बंद झाल्या. शिकलेली मुले पुण्याची वाट धरतात. उजनीचे विस्तीर्ण जलाशय शंभरएक किलोमीटरवर असूनही कित्येक वर्षे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येत असे. या गोष्टी नाकारता येत नाहीत. परंतु आजारी पडलेल्या माणसाला कोणी मेलेला म्हणत नाही. गिरण्यांचे भोंगे थांबले तरी यंत्रमागांचा खडखडाट थांबला नाही. घरोघरी स्त्रिया विड्या वळीत राहिल्या. याच विडी कामगार स्त्रियांनी नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था उभारली आणि शहरालगत कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत वसविली; गोदूताई परुळेकर यांचे नाव धारण करणारी ही वसाहत २००६ साली कामगारांच्या ताब्यात आली. पाठोपाठ तेथेच रे नगरच्या तीस हजार घरांची योजना हाती घेण्यात आली व १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतील पंधरा हजार घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. सूप भरून विड्या वळल्यावर ज्यांच्या हाती चार पैसे पडतात, त्यांनी आपल्या हक्काचे छप्पर मिळविले. मेलेल्या शहराच्या हातून असली कामे होत नाहीत.

याच मातीत १९१० साली डॉ. द्वारकानाथ कोटणीस जन्मले. १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला ते गेले व १९४२ मध्ये रुग्णसेवेतच तेथे त्यांचा अंत झाला. त्या दूरच्या देशात त्यांचे स्मारक आहे. म्हणजे सोलापूरचे नाव परमुलखात आदराने घेतले जाते आणि घरात मात्र त्याची थट्टा होते.

बदनामीची खरी परीक्षा बाजारात होते. रहिमतपूर, कराड, तासगाव यांसारख्या गावांतील घरांतही लग्नकार्याच्या आहेरात सोलापुरी चादर असे, आणि ती वर्षानुवर्षे टिके. या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरी पानिपताकडे विणलेला स्वस्त माल सोलापुरी चादर म्हणून सर्रास विकला जातो, ही तेथील कारागिरांची जुनी तक्रार. ज्या गावाचे नाव खरोखर वाईट असते, त्याचे नाव आपल्या मालावर छापण्याची खटपट कोणी करीत नाही. तेव्हा सोलापूरकराला गरज आहे ती दयेची नव्हे. चादर घेताना ती कोठे विणली गेली एवढे ग्राहकाने विचारले, आणि शहराविषयी मत देण्यापूर्वी त्याचा इतिहास एकदा वाचला, तरी त्याच्या कैफियतीची दखल घेतल्यासारखे होईल.