बुधवारचा रंग कोणता? दोनशे वर्षांची एक साक्ष

आजचा भाग केमिस्ट्रीच्या अभ्यासापासून सुरू होतोय. पण घाबरू नका, केमिस्ट्री चार वाक्यांत संपते.

साल १८७८. स्वित्झर्लंडमधली विशीतली दोन पोरं, ऑयगेन ब्लॉयलर आणि कार्ल लेमान, रसायनशास्त्राबद्दल बोलत बसलीत. विषय निघतो केटोन नावाच्या संयुगांचा. केटोन दिसतात कशी? ब्लॉयलर पटकन सांगतो, पिवळी. का? तर त्या शब्दात ‘ओ’ आहे ना, म्हणून.

आता नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन हेसुद्धा केटोनच, आणि ते पाण्यासारखं रंगहीन असतं. म्हणजे उत्तर साफ चूक. पण लेमानने ते हसण्यावारी नेलं नाही. त्याने विचारलं, ‘ओ’ पिवळा म्हणजे काय रे? तेव्हा कळलं की ब्लॉयलरला लहानपणापासून स्वरांना रंग दिसतात. ते रंग तो निवडत नाही, ते आपोआप येतात. मग दोघांनी ओळखीपाळखीच्या जवळपास सहाशे लोकांना गाठून हाच प्रश्न विचारला. त्यातले ७६ जण म्हणाले, हो, आम्हालाही असंच काहीतरी होतं. १८८१ मध्ये दोघांचं पुस्तक आलं.

आज या गोष्टीला सिनेस्थेशिया म्हणतात. शब्द अवघड वाटत असेल तर ऑपरेशनच्या आधी देतात तो अ‍ॅनेस्थेशिया आठवा. तिथे संवेदना नाही. इथे ‘सिन’ म्हणजे सोबत, संवेदनेसोबत दुसरी संवेदना. कुणाला अक्षरं रंगीत वाटतात, कुणाला वार, कुणाला आवाज ऐकला की आकार दिसतात. काही थोड्यांच्या तोंडात शब्द ऐकल्यावर चव येते. बहुतेकांना छापलेला काळा ‘५’ काळाच दिसतो, पण त्याच क्षणी मनात तो हिरवा किंवा लालही असतो. काहींना मात्र रंग चक्क कागदावर पसरल्यासारखा दिसतो.

एक गोष्ट आधीच बाजूला काढतो, कारण ती कमेंटमध्ये येणारच. आपण म्हणतो ‘गोड आवाज’, ‘झणझणीत लेख’, ‘थंड रंग’. हा सिनेस्थेशिया नाही. ती भाषेची लकब आहे, सगळ्यांच्या मालकीची. नाट्यशास्त्रात हास्यरस पांढरा, रौद्र लाल, अद्भुत पिवळा असं सांगितलंय, ‘राग’ या शब्दाच्या मुळाशीही रंगवणं हाच अर्थ आहे. तोही सिनेस्थेशिया नाही. तो संकेत आहे, शिकलेला आणि शिकवलेला. सिनेस्थेशिया असलेल्या माणसाला कुणी शिकवलेलं नसतं, आणि शेजारच्याचा रंग त्याच्या रंगाशी जुळेलच असं नाही. उलट जुळला नाही तर भांडणं होतात, तीही गंभीरपणे.

आणि इथेच खरी अडचण आहे. माझा बुधवार हिरवा आहे, असं मी म्हटलं तर तुम्ही तपासणार कसं? माझ्या डोक्यात शिरता येत नाही. विश्वास ठेवायचा किंवा नाही, एवढंच उरतं. म्हणून सिनेस्थेशियाचा इतिहास मला मेंदूचा कमी आणि विश्वासाचा जास्त वाटतो. कुणाचं ऐकलं गेलं, कुणाचं नाही, आणि ऐकणारा कोण होता.

पहिली माहीत असलेली तपशीलवार साक्ष आहे १८१२ची. जर्मनीत एर्लांगेन विद्यापीठात गेओर्ग साक्स नावाच्या तरुणाने वैद्यकशास्त्राचा प्रबंध सादर केला, लॅटिनमध्ये. विषय होता तो स्वतः आणि त्याची बहीण, कारण दोघंही वर्णहीन होती, म्हणजे आल्बिनो. पांढरी त्वचा, पांढरे केस, प्रकाश सहन न होणारे डोळे. त्या सगळ्या वर्णनात मध्येच एक भाग येतो, ज्याचा त्वचेशी काही संबंधच नाही. तिथे तो सांगतो की ज्या गोष्टी ओळीने येतात त्यांना रंग असतात: आकडे, वार, अक्षरं, संगीतातले सूर, अगदी इतिहासाचे कालखंडसुद्धा. कुठलं अक्षर कुठल्या रंगाचं याची यादीही दिलीय. ज्याच्या स्वतःच्या अंगावर रंग नव्हता त्या माणसाने रंगांची ही पहिली यादी लिहिली! दोन वर्षांनी, १८१४ मध्ये, तो वारला. वय अवघं २८. त्याने सांगितलेली गोष्ट पुढे अनेक दशकं किरकोळ उल्लेखांपलीकडे गेली नाही.

ब्लॉयलर-लेमानच्या सुमारास इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टनही याच मागे लागला होता. हा चार्ल्स डार्विनचा नात्यातला भाऊ. काही लोकांना आकडे हवेत मांडलेले दिसतात, म्हणजे १ ते १२ एका वळणावर, मग रस्ता डावीकडे वळतो, वगैरे. गॉल्टनने त्यांच्याकडून ते नकाशे काढून घेतले. १८८० मध्ये लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेत त्याने यातले काहीजण प्रत्यक्ष हजर केले. आता ते कोण होते बघा: वकील, पाद्री, लष्करी अधिकारी. म्हणजे ज्यांना खोटारडं म्हणायची कुणाची छाती नव्हती असे. साक्षीदाराचा कोट बघून साक्ष मानली गेली, असं मला वाटतं. आणि १८८३च्या ज्या पुस्तकात गॉल्टनने हे सगळं मांडलं, त्याच पुस्तकात त्याने ‘युजेनिक्स’ हा शब्दही जन्माला घातला. माणसांची पैदास ‘सुधारण्याचा’ तो विचार, ज्याने पुढे विसाव्या शतकात काय केलं ते तुम्हाला माहीत आहे. माणसामाणसांतला फरक इतक्या कुतूहलाने बघणारा माणूस त्याच फरकाची उतरंडही लावत होता.

१८८९ मध्ये पॅरिसच्या परिषदेत या ‘रंगीत श्रवणा’साठी समितीही नेमली गेली. समिती नेमली गेली म्हणजे विषय प्रतिष्ठित झाला, हे तेव्हाही खरं होतं.

विज्ञानाच्या बाहेर मात्र विश्वासाचा प्रश्न घरातच सुटायचा, किंवा सुटायचा नाही. लेखक व्लादिमिर नाबोकोव्हची आठवण प्रसिद्ध आहे. रशियातलं श्रीमंत घर, विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं, पोरगा सातेक वर्षांचा. अक्षरांचे लाकडी ठोकळे रचता रचता तो आईला म्हणाला, यांचे रंग सगळे चुकलेत. दहातल्या नऊ घरांत याचं उत्तर काय आलं असतं? गप खेळ. पण आई थांबली, विचारू लागली, आणि लक्षात आलं की तिलाही अक्षरांना रंग आहेत. काही अक्षरांचे तर दोघांचे रंग सारखेच निघाले! पुढे नाबोकोव्हची बायकोही तशीच, मुलगाही तसाच. त्या घरात ही गोष्ट विचित्र नव्हती, गप्पांचा विषय होती. (हे कुटुंबांत चालत येतं हे गॉल्टननेही नोंदवलं होतं.)

मग विज्ञानाने पाठ फिरवली. १९१३ मध्ये अमेरिकेत जॉन वॉटसनने जाहीर केलं की मानसशास्त्राने फक्त वागणुकीचा अभ्यास करावा, जी बाहेरून दिसते आणि मोजता येते. माणूस स्वतःच्या मनाबद्दल काय सांगतो हा पुरावाच नाही. त्यात तथ्य होतं, कारण लोक स्वतःबद्दल वाट्टेल ते सांगतात. पण त्या एका घावात सिनेस्थेशियाचा अभ्यास जवळपास संपला. पुढची पन्नास-साठ वर्षं हा विषय कलावंतांचा चाळा किंवा डोक्यातली गडबड समजला गेला.

याच काळात मॉस्कोत मात्र एक माणूस मानसशास्त्रज्ञासमोर येऊन बसला होता. सॉलोमन शेरेशेव्स्की. वर्तमानपत्रात काम करायचा. संपादक सकाळी कामं वाटायचा, हा एकही नोंद करायचा नाही. संपादक वैतागला, तर याने सगळं शब्दन् शब्द म्हणून दाखवलं. लोक असं करत नाहीत हे त्याला ठाऊकच नव्हतं! त्याला अलेक्झांडर लुरियाकडे धाडण्यात आलं. लुरियाने त्याचा जवळपास तीस वर्षं अभ्यास केला आणि १९६८ मध्ये त्याच्यावर छोटंसं पुस्तक लिहिलं. या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते वाचा.

शेरेशेव्स्कीच्या पाच इंद्रियांच्या मध्ये जणू भिंतीच नव्हत्या. आकडे त्याला माणसांसारखे दिसत: १ म्हणजे ताठ, धट्टाकट्टा पुरुष, ७ म्हणजे मिशीवाला, ८ म्हणजे जाडजूड बाई. लेव्ह विगोत्स्की या नामवंत मानसशास्त्रज्ञाचा आवाज त्याला पिवळा आणि भुसभुशीत वाटला, आणि त्याने तसं तोंडावर सांगितलंही. शब्दांची अफाट यादी तो याच चित्रांच्या जोरावर लक्षात ठेवायचा. चित्रं ओळखीच्या रस्त्यावर एकेक करून मांडायची, मग त्या रस्त्याने मनातल्या मनात चालत जायचं.

ऐकायला भारी वाटतं ना? आता रोजच्या जगण्यात बघा. एकदा तो आइस्क्रीम घ्यायला गेला. बाईला विचारलं, काय काय आहे? तिने ज्या आवाजात उत्तर दिलं, त्या आवाजातून त्याला तिच्या तोंडातून काळ्या कोळशांचा ढीग बाहेर पडताना दिसला. आइस्क्रीम राहिलं. जेवताना वाचता येईना, कारण घासाची चव वाक्याच्या अर्थावर चढून बसायची. फोनवर ओळखीची माणसं ओळखणं जड जायचं, कारण एकाच माणसाचा आवाज त्याच्यासाठी दिवसातून वीस-तीस वेळा बदलायचा. कुणी गोष्ट वाचून दाखवली तर प्रत्येक शब्दाचं चित्र उभं राहायचं, आणि त्या गर्दीत गोष्ट हरवायची. विसरायचं कसं हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. नको असलेल्या गोष्टी कागदावर लिहून तो कागद जाळूनही त्याने बघितला. राखेतही आकडे दिसायचे.

हे टोकाचं उदाहरण आहे, हे लक्षात ठेवा. सिनेस्थेशिया असलेल्या बहुतेकांची स्मरणशक्ती अशी अचाट नसते आणि त्रासही असा नसतो. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसायची, आणि त्याला एवढंच कुतूहल होतं की आपल्या विद्यार्थ्यांना ही समीकरणं कशी दिसत असतील! बाकी त्याचं काम नीट चाललं होतं, नोबेलसुद्धा मिळालं.

विज्ञान परत आलं ते एका अगदी साध्या युक्तीने. १९८७ मध्ये लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी शब्दांना रंग दिसणाऱ्या एका चित्रकार बाईंना १०३ शब्द-अक्षरं ऐकवली आणि प्रत्येकाचा रंग टिपून घेतला. दहा आठवड्यांनी, आधी न सांगता, पुन्हा तेच विचारलं. सगळीच्या सगळी उत्तरं तीच. तुलनेसाठी एका दुसऱ्या व्यक्तीला नुसती कल्पना करून रंग सांगायला लावले होते. तिला दोनच आठवड्यांनी विचारलं, तर जेमतेम १७ टक्के जुळले. डोक्यात शिरायची गरजच पडली नाही. पुन्हा विचारणं पुरेसं होतं. हे १८१२मध्येही करता आलं असतं, यंत्र काहीच लागत नाही. मला हीच गोष्ट जास्त बोचते.

२००१ मध्ये मूळचे तामिळनाडूचे आणि कॅलिफोर्नियात काम करणारे विलयानूर रामचंद्रन आणि एडवर्ड हबार्ड यांनी पुढचा पुरावा आणला. पडद्यावर काळे ५ विखुरलेले, त्यात काळे २ त्रिकोणात लपवलेले. तुम्हा-आम्हाला २ शोधत बसावे लागतात. ज्यांना २ आणि ५ वेगवेगळ्या रंगांचे दिसतात त्यांना त्रिकोण चटकन सापडतो. सोंग करून कुणी जास्त चांगला निकाल आणू शकत नाही. त्यांचा अंदाज असा की मेंदूत आकडे ओळखणारा भाग आणि रंगांचा भाग शेजारीशेजारी आहेत, आणि या लोकांत दोन्हींमधली वायरिंग जास्तीची असते. यावर वाद आजही चालू आहे.

बरं, असे लोक किती? जुन्या अभ्यासांत बायका पुरुषांच्या कित्येक पट निघायच्या, म्हणून हे बायकांचंच असतं असं ठरलं होतं. पण ती माणसं जाहिरात वाचून स्वतःहून आलेली होती. २००६ मध्ये जूलिया सिम्नर आणि सहकाऱ्यांनी वाट न बघता एडिनबरा आणि ग्लासगो विद्यापीठांतल्या ५०० जणांना सरसकट तपासलं. चार टक्क्यांच्या थोडं वर, म्हणजे साधारण २३ माणसांत एक. बायका आणि पुरुष जवळपास सारखेच. फरक सिनेस्थेशियात नव्हता, पुढे येऊन सांगण्यात होता.

आणि शेवटी फ्रीजवरचे मॅग्नेट. अमेरिकेत फिशर-प्राइस कंपनीचे रंगीत अक्षरांचे मॅग्नेट १९७०-८०च्या दशकांत घरोघरी होते. नेथन विटहॉफ्ट आणि जोनाथन विनावर यांनी सहा हजारांवर अमेरिकी सिनेस्थेटांचे रंग तपासले, तर सहा टक्क्यांवर लोकांचे रंग त्या खेळण्याशी जुळले. खेळण्याच्या ऐन भरातल्या वर्षांत जन्मलेल्यांत हे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांपर्यंत गेलं. म्हणजे अक्षराला रंग चिकटण्याची सवय बहुधा जन्माची, पण नेमका कुठला रंग चिकटणार ते कधीकधी फ्रीजच्या दारावर ठरतं. नाबोकोव्हला ठोकळे चुकीचे वाटले, या पोरांनी मॅग्नेट तसेच्या तसे उचलले. आपल्याकडच्या मुळाक्षरांच्या तक्त्यांचा असा हिशोब कुणी मांडला तर मी तरी रात्र जागून वाचेन.

तुमच्या घरातलं एखादं पोर म्हणालं की ‘क’ निळा आहे, तर बॅरन-कोहेनची युक्ती करून बघा. सगळी अक्षरं विचारा, उत्तरं फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा, त्याला दाखवू नका. अडीच महिन्यांनी पुन्हा विचारा. आधी अजिबात सांगायचं नाही. निकाल आला की कळवा. पुढच्या भागात भेटू.