म्हाळ
भाद्रपद वद्य पक्षात पितरांना जेवू घालण्याचा विधी. महालय श्राद्धाचे बोलीतील नाव. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंबच्या परिसरात, तसेच महाराष्ट्रभर तो रूढ आहे. माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला म्हाळ घालतात. तिथी ठाऊक नसेल किंवा चुकली असेल, तर सर्वपित्री अमावास्या. सवाष्णपणी गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, शस्त्राने वा अपघाताने गेलेल्यांसाठी चतुर्दशी.

विधीचे मर्म स्वयंपाकात आहे. तांदळाची खीर, वडे, कढी, अळूची भाजी, गवार, भोपळा, कारले आणि आमसुलाची चटणी असे अनेक पदार्थ पानात येतात. शिवाय गेलेल्या माणसाच्या आवडीचे काहीतरी हमखास करतात. पहिले पान म्हणजे वाडी. ती पत्र्यावर किंवा माळवदावर ठेवून कावळ्याला हाक मारतात. त्याने घास उचलला की मगच भाऊबंद आणि बोलावलेली मंडळी जेवायला बसतात. कावळा शिवला नाही, तर काय राहून गेले असेल याची घरात खरीखुरी चर्चा होते.

मेक्सिकोतील १ व २ नोव्हेंबरचा मृतांचा सण म्हाळाच्या जवळचा. २००८ मध्ये तो युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आला. तिथेही मृतांच्या आवडीचे जेवण मांडतात, मात्र कबरी सजवून, गाऊनवाजवून. मृतांना वाट दाखवणारे फूल झेंडूचे. आपल्याकडे दसऱ्याच्या तोरणात शोभणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. म्हाळात त्याऐवजी माका, तुळस, दर्भ आणि काळे तीळ लागतात. अमावास्येनंतर लगेच घटस्थापना होते.