‘ॲप्टिट्यूड’ या शब्दाचं काय झालं?

आजचा विषय घराघरांत झोप उडवणारा आहे. महाविद्यालयात प्रवेश कुणाला द्यायचा, आणि ते ठरवायचं कसं? आपल्याकडे नीट, जेईई, सीईटी ही नावं लहान मुलंसुद्धा सांगतात. पण आज मी अमेरिकेतल्या ‘सॅट’ परीक्षेची गोष्ट सांगणार आहे. कारण घरगुती आहे. माझी नात न्यू जर्सीत अकरावीत शिकते. मागच्या उन्हाळ्यात मी तिकडे होतो, तेव्हा ही मुलगी घड्याळ लावून सरावाचे पेपर सोडवत बसलेली. एके दिवशी म्हणाली, “आजोबा, हा १६०० पैकीचा आकडा नक्की कशाचा असतो? माझ्या हुशारीचा, की मी सोडवलेल्या पेपरांचा?” आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला पटकन उत्तर देता आलं नाही, बरं का. आज ते इतिहासात शोधू.

सुरुवात १९०० पासून करू. तोपर्यंत तिकडचं प्रत्येक नामवंत कॉलेज स्वतःची प्रवेशपरीक्षा घ्यायचं. मुख्याध्यापक बिचारे मेटाकुटीला यायचे, कारण एका वर्गातल्या दहा मुलांची दहा प्रकारे तयारी करून घ्यायची! म्हणून १९०० साली ‘कॉलेज बोर्ड’ स्थापन झालं आणि १९०१ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. लॅटिन, ग्रीक, इतिहास, गणित, आणि उत्तरं लिहायची सविस्तर. म्हणजे शाळेत जे शिकवलं तेच तपासायचं. सरळ मामला. पण ज्या गावच्या शाळेत ग्रीक शिकवतच नाहीत, तिथल्या मुलानं काय करावं?

याचं उत्तर आलं ते रणांगणाच्या वाटेनं. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि मानसशास्त्रज्ञांनी सुमारे १७ लाख सैनिकांची ‘बुद्धी’ मोजली. त्या कामात कार्ल ब्रिगम नावाचा तरुण होता, पुढे प्रिन्स्टनमध्ये प्राध्यापक झाला. १९२३ मध्ये त्यानं पुस्तक लिहून जाहीर केलं की उत्तर युरोपातून आलेले लोक जात्याच अधिक बुद्धिमान आणि नंतर आलेले दक्षिण आणि पूर्व युरोपातले कमी. आता गंमत बघा. त्या चाचणीत बेसबॉलच्या खेळाडूंवर आणि बाजारातल्या तयार मालावर प्रश्न होते. कालपरवा बोटीतून उतरलेल्या माणसाला ते कुठून येणार? मोजलं जात होतं ते अमेरिकेतलं वास्तव्य, आणि नाव दिलं बुद्धीचं.

याच ब्रिगमनं कॉलेज बोर्डासाठी नवी चाचणी रचली. ‘स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट’, म्हणजे सॅट. २३ जून १९२६ रोजी ८,०४० विद्यार्थ्यांनी ती दिली. ९७ मिनिटांत ३१५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम अठरा सेकंद!

इथे ‘ॲप्टिट्यूड’ या शब्दावर जरा थांबू. त्याचा दावा असा, की आम्ही शिकवलेलं तपासत नाही, अंगची कुवत तपासतो, त्यामुळे तयारी करून काही उपयोग नाही. ॲरिस्टॉटल वाचलेल्यांच्या लक्षात येईल की अडचण इथेच आहे. सुप्त शक्ती अशी सुटी काढून दाखवता येत नाही, ती प्रकट होते कृतीतूनच. आणि कृतीला भाषा लागते, सराव लागतो. बियाण्याचा कस तपासायला गेलात तरी ते आधी कुठल्या तरी मातीत पेरावंच लागतं.

ब्रिगमला हे पुढे कळलं. १९३० मध्ये त्यानं एका लेखात आपलेच निष्कर्ष निराधार असल्याचं छापून कबूल केलं. केवढं धैर्य लागतं त्याला! परीक्षा घेणारी एक कायमची मोठी संस्था काढायलाही त्याचा विरोध होता. १९४३ मध्ये तो वारला, १९४७ मध्ये ती संस्था, ‘एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस’, स्थापन झालीच. आणि तिथल्या ग्रंथालयाला नाव ब्रिगमचंच.

पण सॅट म्हणजे निव्वळ अन्याय असं म्हणून मोकळं होता येत नाही. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट यांना १९३० च्या दशकात वाटायचं की आपल्याकडे ठरावीक श्रीमंत शाळांचीच पोरं येतात. लांबच्या राज्यांतली हुशार मुलं शिष्यवृत्तीसाठी शोधायला त्यांनी हीच चाचणी वापरली. घराण्याऐवजी गुण बघा, हा त्यांचा हेतू होता.

आता दुसरा माणूस. स्टॅन्ली कॅप्लन, ब्रुकलिनमधल्या स्थलांतरित ज्यू कुटुंबातला. वैद्यकीय महाविद्यालयांनी त्याला नाकारलं. आपण ज्यू आणि त्यातून सरकारी कॉलेजातले म्हणून, असं त्याचं म्हणणं. त्यानं आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या आणि १९४६ मध्ये पहिल्यांदा एका मुलीला सॅटसाठी तयार केलं. बोर्ड सांगत होतं, शिकवणीनं गुण वाढत नाहीत. कॅप्लनचे वर्ग मात्र वाढत गेले. अखेर १९७९ मध्ये सरकारी व्यापार आयोगाच्या अहवालानं मान्य केलं की शिकवणीनं फरक पडतो, थोडा का होईना. गंमत अशी, की ‘तयारी करता येते’ हे दाखवणाऱ्या कॅप्लनचं या परीक्षेवर प्रेम होतं. ती आडनाव विचारत नाही, म्हणून.

प्रश्नांचं काय? एक गाजलेला प्रश्न सांगतो. धावपटूचं जे नातं मॅरेथॉनशी, तेच वल्हं मारणाऱ्याचं कशाशी? उत्तर ‘रेगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. ज्याच्या घरी नौका त्याला सोपं. आपण शंकरपटावर असा प्रश्न काढला तर विदर्भातलं शेतकऱ्याचं पोर हसत सोडवेल आणि मलबार हिलचं पोर घाम पुसेल. असे जोडीचे प्रश्न २००५ मध्ये काढले. त्याआधी १९९० च्या दशकात नावातला ‘ॲप्टिट्यूड’ गेला, ‘असेसमेंट’ आला आणि मग तोही गेला. आज सॅट ही तीन अक्षरं कशाचंच संक्षिप्त रूप नाहीत! मोजतो काय, हे सांगायचंच सोडून दिलं.

२०२० मध्ये कोविड आला आणि बहुतेक कॉलेजांनी सॅट ऐच्छिक केली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर प्रवेशातून बादच करायचं ठरवलं. पण २०२२ मध्ये एमआयटीनं आणि २०२४ मध्ये डार्टमथ, हार्वर्ड यांनी ती परत आणली. डार्टमथला असं आढळलं, की साध्या परिस्थितीतली मुलं आपले गुण कमी समजून लपवत होती, आणि दाखवले असते तर त्यांना फायदाच झाला असता. परीक्षा काढली की उरतं काय? शिफारसपत्रं, निबंध, खेळ, माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप. पैसा तिथेही पोचतो, आणि मोजमाप दिसतही नाही.

शेवटी एक कबुली. ऐंशीच्या दशकात मी एका कॉलेजच्या प्रवेश समितीवर होतो. एक मुलगा अर्ध्या टक्क्यानं यादीबाहेर राहिला. वडील दाराशी उभे, हातात टोपी. “नियम आहे, काका,” मी म्हणालो. नियम होता हे खरं. पण त्या अर्ध्या टक्क्याला मी मनातल्या मनात त्या मुलाची लायकी समजलो होतो, ती चूक माझी. जागा कमी असतात, रेघ कुठेतरी ओढावीच लागते. तरी ‘जागा संपल्या’ आणि ‘तू लायक नाहीस’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. त्या गृहस्थांना मी पहिलं सांगितलं, पण ऐकू गेलं दुसरं.

नातीला मग मी परवा फोनवर सांगितलं, “बाळ, हा आकडा तू केलेल्या तयारीचा, तुला मिळालेल्या सोयीचा आणि त्या दिवशीच्या तुझ्या डोक्याचा. यातलं किती कुणाचं, ते ब्रिगमलाही वेगळं करता आलं नाही. मनापासून अभ्यास कर. पण तो आकडा म्हणजे तू नव्हेस.” ती म्हणाली, “मग आजोबा, अजून एक पेपर सोडवते.”

शहाणी आहे. थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.