उपवासाची बिअर आणि तिची परीक्षा

'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याकडची. परंतु तिचें मर्म बव्हेरियांतील मठवासी साधूंनाहि चांगलें उमजलें असतें. १६२७ सालीं सेंट फ्रान्सिस ऑफ पाओला याच्या पंथाचे कांहीं साधु म्युनिक शहराबाहेरील आउ या वस्तींत येऊन राहिले. त्यांना पाउलानर म्हणत. मांस, अंडीं आणि दूधदुभतें बाराहि महिने वर्ज्य करण्याचें व्रत या पंथांत असे. ईस्टरपूर्वीचा दीर्घ उपवास आला म्हणजे ताटांत आणखीच थोडें उरे. मात्र पेयानें उपवास मोडत नाहीं, हा ख्रिस्ती मठांतील जुना दंडक त्यांच्या उपयोगीं पडला. जें अन्न ताटांत घेतां येत नाहीं तें पेल्यांत घ्यावें, अशा विचारानें त्यांनीं जवापासून दाट व पौष्टिक बिअर काढण्यास आरंभ केला. आज जिला 'डोपेलबॉक', म्हणजे 'दुप्पट बॉक', म्हणतात, ती काळसर कडक बिअर हिच्याच वंशांतली.

यांतील 'बॉक' या शब्दाची कथा मौजेची आहे. उत्तर जर्मनींतील आइनबेक गांवची कडक बिअर मध्ययुगांत दूरदूर विकली जाई. बव्हेरियाच्या राजघराण्यासहि तिची गोडी लागली. ड्यूक पांचवा विल्हेल्म यानें १५८९ सालीं म्युनिकमध्यें दरबारी बिअरगृह, म्हणजे हॉफब्रॉयहाउस, स्थापिलें. पुढें १६१४ सालीं एलियास पिश्लर नांवाचा कारागीर खुद्द आइनबेकहून तेथें आणण्यांत आला. बव्हेरियन लोकांच्या तोंडीं 'आइनबेक'चें 'आइन बॉक' झालें, आणि जर्मन भाषेंत 'आइन बॉक' म्हणजे एक बोकड! पुढें या बिअरच्या चिठ्ठ्यांवर बोकडाचें चित्र झळकूं लागलें.

साधूंची बिअर पुढें मठाच्या भिंतींबाहेर जाऊं लागली. १६३४ सालीं म्युनिकच्या बिअर करणाऱ्या व्यावसायिकांनीं नगरसभेकडे तक्रार केली कीं, हे साधु बिअर विकून आमच्या पोटावर पाय देतात. वाईट मालाविषयीं प्रतिस्पर्धी कधीं तक्रार करीत नाहीं. म्हणून ही तक्रार म्हणजेच त्या बिअरला मिळालेलें पहिलें प्रशस्तिपत्र होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत ब्रदर बार्नाबास या साधूनें तिच्या कृतींत मोठी सुधारणा केली, आणि १७८० सालीं इलेक्टर कार्ल थिओडोर यानें ती उघडपणें विकण्याची परवानगी दिली. १७९९ सालीं मठ बंद झाला. तथापि फ्रान्झ झाव्हर झाखर्ल या गृहस्थानें तें बिअरगृह प्रथम भाड्यानें आणि १८१३ सालीं विकत घेऊन ती परंपरा जगविली. 'साल्व्हाटोर', म्हणजे तारणहार, हें नांव या बिअरशीं कायमचें जोडलें गेलें.

तिची चव कोठून येते, हें पाहण्यासारखें आहे. आपल्या घरीं मटकीस मोड आणतात तसे जवास मोड आणून तो भट्टींत वाळवितात. भट्टीची आंच जरा अधिक ठेविली म्हणजे दाण्यास गडद रंग व खमंग वास येतो. या दाण्यांचा भरडा गरम पाण्यांत कालवितात. जुने कारागीर त्या कालवणाचा कांहीं भाग बाजूस काढून उकळीत व पुन्हां मूळ भांड्यांत ओतीत. असें दोनतीनदां चाले. उष्णतामापक यंत्र नसतांना ठराविक ऊब साधण्याची ही युक्ति होती. उकळण्यानें साखर व प्रथिनांचे घटक एकमेकांशीं संयोग पावतात आणि भाकरीच्या पापुद्र्याचा सुवास उत्पन्न होतो. त्याचें रासायनिक कारण १९१२ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ माय्यार यानें दाखविलें. जिभेस तें शेंकडों वर्षें आधींच ठाऊक होतें. नंतर तो रस हॉप्सच्या फुलांसह उकळून, थंड तळघरांत सावकाश आंबवून कित्येक आठवडे मुरवीत ठेवितात. 'लागर' या शब्दाचा अर्थच सांठवण असा आहे.

आतां प्रश्न परीक्षेचा. जुन्या जर्मन शहरांत बिअर चाखून पाहणारे अधिकारी नेमलेले असत. त्यांच्याविषयीं एक दंतकथा आहे: ते बांकावर बिअर ओतून तीवर चामडी विजार घालून बसत, उठतांना विजार बांकास चिकटली तर बिअर कसदार ठरे! कथा खरी नसेल. पण तींतील शंका खरी आहे. चाखणाऱ्याची जीभ लांच खाऊं शकते, विजार खात नाहीं.

हीच शंका पुढें शास्त्रानें सोडविली. १७८४ सालीं इंग्लंडांत जॉन रिचर्डसन यानें बिअरच्या रसाची घनता मोजण्याचा मार्ग दाखविला. पुढें प्राग येथील कार्ल बालिंग यानें साखरमापकाचीं कोष्टकें तयार केलीं. मग नियम सोपा झाला: आंबविण्यापूर्वी रसांत शेंकडा सोळा भाग द्रव्य असेल तर बॉक, अठरा असेल तर डोपेलबॉक. हल्लींच्या साल्व्हाटोरमध्यें तें सुमारें १८·३ भाग असून मद्यार्काचें प्रमाण शेंकडा ७·९ असतें. नांवाचाहि निवाडा झाला. अनेकजण आपल्या मालास 'साल्व्हाटोर' म्हणूं लागले होते. १८९६ सालीं तें नांव नोंदलें गेल्यावर इतरांनीं 'मॅक्सिमेटर', 'ट्रायम्फेटर', 'ऑप्टिमेटर' अशीं त्याच यमकाचीं नांवें घेतलीं.

परंतु कस मोजला म्हणजे गोडी मोजली, असें नव्हे. अठरा भागांची बिअर काकवीसारखी चिकट असूं शकते, करपलेली असूं शकते, किंवा घसा जाळणारीहि. म्हणून १९८५ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेल्या बिअर-परीक्षकांच्या संस्थेनें जिभेसच शिस्त लाविली. पन्नासांपैकीं वासास बारा गुण, रूपास तीन, चवीस वीस, तोंडांतील स्पर्शास पांच आणि एकंदर परिणामास दहा. रूपास केवळ तीन, हें ध्यानीं घ्यावें. परीक्षक बिअर बर्फासारखी थंड घेत नाहीं, कारण गारठ्यांत वास मिटतो. प्रथम तो हुंगतो: भाजलेल्या पावाचा, खजुराचा सुवास येतो काय? मग पेला उजेडासमोर धरतो: काळसर तपकिरी रंगांत माणकाची छटा दिसावी. मग घोट: धान्याची गोडी पुढें, कडवटपणा मागें केवळ तोल सांभाळण्यापुरता, मद्याची ऊब जाणवावी, पण बोंचूं नये. घोट गेल्यावर दुसरा घ्यावासा वाटला पाहिजे. गोडीनें तोंड मिटतां कामा नये.

यंत्रानें मठाच्या पेल्यास लबाडीपासून वांचविलें. परंतु साधारण आणि उत्तम यांतील अंतर त्यास आजहि सांगतां येत नाहीं. तें सांगण्यास सराव झालेली आणि निःस्पृह जीभच लागते. बार्नाबासपाशीं साखरमापक नव्हतें. त्याच्या बिअरचें नांव मात्र आजतागायत टिकलें आहे.